कुणाचंच नसलेलं घर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. त्याला दार आहे, पण ते जमिनीखाली गेलंय. अंगण, पायऱ्या, पेरूचं झाड, सगळं करड्या राखेत बुडालंय. आत जायचं तर माडीच्या खिडकीतून पाय टाकावा लागतो. दिसलं? आता त्या खिडकीशी दहा वर्षांची जॅनील उभी करा.

कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटाशी त्या दिवशी प्रवासी जहाज लागलं होतं. जॅनीलचे वडील जहाजावरच्या पाहुण्यांना गाडीत घालून ज्वालामुखीनं गाडलेली घरं दाखवायला आणत. पाहुणे त्यांना 'कॅप्टन' म्हणत. शाळेला सुट्टी असली की जॅनीलही सोबत यायची. वडील काय सांगणार, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं.

"इथं एक म्हातारी राहायची," कॅप्टन सांगत होते. "डोंगर धूर ओकतोय, पोलीस दारात ओरडतायत, 'आजी, निघा लवकर!' आणि ही बाई चुलीपुढून हलेना. म्हणते, 'बकरीचं कालवण अजून कच्चं आहे. डोंगराला सांगा, थांब म्हणावं जरा!'"

पाहुणे खो खो हसले. जॅनीलही हसली. ती दर वेळी हसायची.

एवढ्यात लाल टोपी घातलेली एक वयस्कर बाई खिडकीतून बाहेर आली. चेहरा मोठा प्रेमळ होता तिचा. हातात निळ्या काठाचा एक पत्र्याचा कप होता. त्यावरची राख तिनं फुंकून उडवली.

"आत सापडला, कॅप्टन. आठवण म्हणून नेऊ का? इथं तर आता कुणी राहत नाही." तिनं कप उलटा केला. "अरे, खाली खिळ्यानं नाव कोरलंय. डन्स्टन! कोण हो हा?"

कॅप्टनचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"कुणास ठाऊक, मॅडम. असेल एखादं वांड कार्टं. न्या खुशाल. हे घर आता कुणाचंच नाही."

 डन्स्टन हे जॅनीलच्या डॅडींचं नाव होतं. आत्या त्यांना त्याच नावानं हाक मारायची.

पाहुणे गाडीकडे वळले, तशी तिनं वडिलांची बाही ओढली.

"डॅडी, ती म्हातारी म्हणजे आपली ग्रॅनी, तुझी आई?"

"हळू बोल."

"इंग्लंडला जाऊन वारली, ती?"

"हळू बोल म्हटलं ना!"

"मग लोकांना तिच्यावर हसवतोस कशाला?"

वडिलांनी पाहुण्यांकडे एक नजर टाकली. कपाळावरचा घाम पुसला.

"रडवलं तर पुन्हा कोण येईल, पोरी? चल, बस गाडीत. चार वाजता जहाज सुटतं."

ते चालायला लागले. जॅनील मात्र तिथेच खिळून राहिली. आजवर आपण किती वेळा हसलो, ते ती मोजायला गेली आणि तिला मोजवेना.

गाडीजवळ ती लाल टोपीवाली बाई कप रुमालात गुंडाळत होती. जॅनील धावत गेली, तिच्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. डोळे रुमालातल्या कपावर होते. 

"किती गोड पोर आहे!" बाई म्हणाली. तिनं पर्स चाचपली आणि चंदेरी कागदातलं एक चॉकलेट जॅनीलच्या तळहातावर ठेवलं. "घे, बाळा. लाजू नकोस."

"जॅनील!" वडिलांनी गाडीतून हाक मारली. दुसरी हाक मात्र त्यांनी मारली नाही.

जॅनीलनं वाकून ते चॉकलेट गाडीच्या पायरीवर ठेवलं, आणि रिकामा हात पुन्हा पुढे केला.