वाळूवरच्या रेघा

जुन्या गोल्फ मैदानाचं मूळ रूप परत आणता आणता कंत्राटदाराच्या नाकी नऊ आले होते. पूर्वी कधीतरी बुजवलेल्या शेवटच्या वाळूच्या खड्ड्यावरची माती त्याच्या मेहुण्याने यंत्राने काढली. खालच्या वाळूवर दाताळ्याच्या ताज्या रेघा होत्या.

“दाजी, आत्ताच कुणी खेळून गेलंय. खेळणारे बाहेर पडताना दाताळ्याने आपली पावलं पुसून जातात ना?”

“आपल्या जन्माआधीपासून मातीखाली आहे हे. डोकं खाऊ नकोस.”

कंत्राटदार पाय ओढत खड्ड्याच्या मधोमध गेला आणि मटकन बसला.

वळून पाहिलं, तर त्याची पावलं कुठेच नव्हती. रेघा थेट त्याच्या बुटांपर्यंत आल्या होत्या.

काठावरून मेहुणा त्याच्याकडेच बघत होता.

“दाजी,” त्याने हाक मारली, “बाहेर कधी आलात? कुठे आहात?”