चुलीला सुट्टी

"उकळलेलं पाणी आजाऱ्यांनी प्यावं. मी ठणठणीत आहे," म्हणत मामंजींनी विहिरीच्या पाण्याचा तांब्या भरून घेतला. गेल्या पावसाळ्यात याच पाण्याने जुलाब होऊन त्यांना सलाइन लावावं लागलं होतं.

मोठ्यांशी वाद घालणं मला जमत नाही. मी देवापुढे निरांजन लावलं आणि चातुर्मासाचा नेम जरा मोठ्यानेच सांगितला, "घरात सगळे उकळून गार केलेलंच पाणी पितील. कुणी नेम मोडला, तर त्या दिवशी मला उपास आणि चुलीला सुट्टी."

मामंजी हसले. "सूनबाई, कुठल्या पोथीतला गं हा नेम?"

"पोथीतला नाही, मनातलाच आहे."

त्यांनी हसत हसत तांब्या रिकामा केला. मी चुलीवर पाणी शिंपडलं आणि जपाला बसले. रात्री शिळी भाकरी चावताना त्यांनी मुकाट्याने उकळलेलं पाणी मागितलं. पुढे चातुर्मासभर तेच प्यायले.

कार्तिकी द्वादशीला माझा नेम सुटला. "सुटलो एकदाचा!" म्हणत मामंजी विहिरीकडे निघाले.

सासूबाईंनी वाती वळता वळता हाक मारली, "अहो, थांबा. तिचा नेम संपला, माझा आजपासून सुरू. आणि माझा बारमाही आहे."