ऐकलेली आठवण

मातीचा ओला गोळा टेबलावर होता. बाकीच्या पोरांनी कोपरापर्यंत हात बरबटून घेतले होते. बिट्टी तेवढी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती.

“ताई, हात लावू?”

“लाव की गं.”

“खरंच लावू?”

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या बाबाला हसू आलं. बालवाडीच्या ताईंनी निरोप धाडला म्हणून तो हातातलं शिवणकाम टाकून तसाच आला होता. मापाची टेप गळ्यातच राहिली होती. पोरगी इतकी शहाण्यासारखी वागते, मग बोलावलं कशाला, हे काही त्याला उमगेना.

ताई त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

“सगळ्यालाच विचारते हो ती. रंगांना, ठोकळ्यांना, पाण्याच्या पेल्यालासुद्धा. दोनदा ‘हो’ म्हटल्याशिवाय हात पुढे करत नाही. काल म्हटलं, का गं एवढी घाबरतेस? तर म्हणते, माझे हात वाईट आहेत.”

त्याचं हसू ओसरलं.

“हातावरच्या त्या डागाचं सगळं सांगितलं तिनं मला. बाबा शिवत होता, इस्त्री गरम होती, बाबा म्हणाला हात लावू नको, मी ऐकलं नाही, वायर ओढली. जसं काही आत्ताच घडलंय! केवढी होती तेव्हा?”

“दीड वर्षाची. नुकती धावायला लागली होती.”

“मग हे तिला आठवणं शक्यच नाही,” ताई म्हणाल्या. “इतक्या लहानपणचं आपल्याला कुणालाच आठवत नाही. पण एखादी गोष्ट घरात सारखी कानावर पडली ना, की या वयाच्या पोरांना ती डोळ्यांनी पाहिल्यासारखीच वाटायला लागते. कुणी सांगतं का तिला?”

“येणारे-जाणारे विचारतात...” तो पुटपुटला आणि उगाच टेप गुंडाळू लागला.

‘हात लावू नको’ असं तो त्या दिवशी म्हणालाच नव्हता. म्हणणार कसा, तो खोलीतच नव्हता. तापलेली इस्त्री टेबलाच्या कडेला ठेवून, वायर तशीच लोंबती सोडून, तो जिन्यात शेजाऱ्याशी गप्पा छाटत उभा होता. कसल्याशा विनोदावर हसत असतानाच आतून किंकाळी आली होती. संध्याकाळी बायको कामावरून दवाखान्यात धावत आली, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “मी नको नको म्हणेपर्यंत ओढली गं हिनं.” बायकोने रडत रडत त्याच्याच पाठीवरून हात फिरवला होता.

मग ते वाक्य घरात राहायलाच आलं. कुणी डागाकडे बघितलं की तो पोरीला मांडीवर घेऊन तेच सांगायचा. पुढे पुढे तर रंगवूनही सांगायला लागला. “भारी वांड आहे आमची!” लोक हसायचे, तीही हसायची. आणि मग त्याच्या आधी तीच सांगायला लागली.

परतताना बागेतल्या बाकावर त्याने तिला शेजारी बसवलं. सुरुवात कशी करावी ते सुचेना. शेवटी त्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला.

“बिट्टी, इस्त्रीचं सांगू? त्यात तुझी काही चूक नव्हती. मी इस्त्री चालू ठेवून बाहेर गेलो होतो. चूक माझी होती.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली.

“नाही. तू होतास. तू म्हणालास, हात लावू नको.”

“नाही गं राणी. मी जिन्यात होतो.”

“होतास! तुझा निळा शर्ट होता. चौकटीचा.”

चौकटीचा निळा शर्ट त्याने गेल्याच वर्षी शिवला होता. हे तिला कसं सांगायचं? तिच्या डोळ्यांसमोर तो अगदी स्वच्छ उभा होता, निळ्या शर्टात, बोट उगारून तिला बजावत. असा चांगला बाप तिच्याकडे होता आणि तो आता तिच्याकडून काढून घ्यायचा होता.

“मी तुझ्याशी खोटं बोललो, बिट्टी,” तो म्हणाला. “तुझे हात चांगले आहेत.”

ती त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, “असू दे हं.” तिची आई तिला थोपटते, अगदी तसंच.

घरी पोचले तेव्हा बायको नुकतीच कामावरून आली होती. त्याने चपलाही काढल्या नाहीत.

“ऐक ना. त्या दिवशी इस्त्री... मी तुला जे सांगितलं होतं...”

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीच्या हाताकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे. ती सावकाश खुर्चीत बसली.

“कुठे होतास तू?” तिने विचारलं.

तो काही बोलायच्या आत बिट्टी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

“आई, त्याला रागावू नको,” ती म्हणाली. “बाबा सगळं विसरलाय. मी त्याला सांगते ना परत.”