वरच्या मजल्यावरचा आवाज

“वरची बाई आजही कुटून राहिली होती,” बेडरूमचं दार उघडत नितेश म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. रात्रभर बडनेरा स्टेशनात ड्यूटी करून आलेला माणूस दुपारी झोपणार नाही, तर कधी झोपणार?

जमुना ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. “मले तं काही आयकू नाही आलं,” ती म्हणाली आणि पिठाच्या डब्यामागच्या लोखंडी खलावर तिने हळूच फडकं टाकलं.

घरात कुटायचं नाही, हे इथे राहायला येतानाच नितेशने आईला बजावलं होतं. बिल्डिंगचा नियमच तसा होता. जमुनाने मान डोलावली होती. पण गावाकडच्या, चांदूर रेल्वेच्या मळ्यातल्या मिरच्या मिक्सरमध्ये घातल्या, की ठेच्याचा नुसता लगदा व्हायचा. मग पोरगा झोपला, की ती खल काढायची, खाली चादरीची घडी ठेवायची आणि बेताने कुटायची. डब्यातला ठेचा खाऊन नितेश म्हणायचा, “पाह्य माय, जमला ना मिक्सर?”

घरातल्या घरात आवाज फारसा यायचा नाही. पण खांबांतून, भिंतींतून फिरून तो पोराच्या उशाशी वरून उतरेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या दिवशी नितेशने मोबाइलवरून तक्रार टाकली. संध्याकाळी मॅनेजर वर जाऊन आला. पहिली तक्रार आली तर समज द्यायची, दुसरी आली तर भाडेकरार वाढवायचा नाही, अशी इथली रीत होती.

“आवाज आमचा नाही म्हणते बाई,” मॅनेजर खाली येऊन म्हणाला. “पण तिचे यजमान पंजाबराव काठी टेकत चालतात ना. दुसरं काय असणार?”

जमुनाने खल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. दुपारी हात शिवशिवू नयेत म्हणून ती खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसू लागली. वर नितेश निवांत घोरत असायचा.

बाकावर पंजाबरावही उन्हाला यायचे. गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. “लिफ्ट हाय, लाइट गेली तं जनरेटर हाय, नळाले चोवीस घंटे पाणी. चौकीदार सलाम ठोकते. अन् सगळ्यात मोठं सुख म्हणजे कोणी दारात येऊन बसत नाही. लय ठिकाणी भाड्यानं राह्यलो मी. आता इथून निंघीन तं चौघांच्या खांद्यावर.”

“बेबीताई नाही आल्या?” जमुनाने विचारलं.

“तिचं घरातलंच सरत नाही.”

त्यांची काठी बाकाला टेकून उभी होती. जमुनाला तिच्याकडे पाहवेना.

एका दुपारी ती घरी परतली, तर नितेश पलंगावर डोकं धरून बसला होता. “पुन्हा सुरू केलं त्यायनं. आता दुसरी टाकतोच.”

जमुना दारातच थबकली. खल माळ्यावर होता. काठी आणि काठीवाला, दोघेही इतका वेळ तिच्या शेजारी होते. “तुया डोस्क्यात बसला असंन आवाज,” ती म्हणाली. “पंजाबराव तं माह्याजवळ बसून होते.”

“मंग ते बाई कुटत असंन. तू काहून त्यायची वकिली करून राहिली?”

तिने तोंड उघडलं. पहिला आवाज आपला होता, असं म्हटलं, तर दुसरा आपला नाही हे कोण मानणार? मग घर सोडायची पाळी पोरावर येणार. बऱ्याच दिवसांनी त्याला अंगभर झोप मिळू लागली होती. रात्री सिग्नलच्या दिव्यांवर त्याचे डोळे मिटायला लागले तर?

तिने तोंड मिटलं. नितेशने बटण दाबलं.

पंजाबराव मॅनेजरच्या ऑफिसात खूप भांडले. फरशीवर काठी आपटून भांडले, आणि त्यानेच मॅनेजरची खात्री पटली. त्यानंतर ते बाकावर आले नाहीत. जमुना मात्र रोज जाऊन बसायची. बाकाची दुसरी बाजू रिकामी ठेवून बसायची.

सामान न्यायला टेम्पो आला, त्या सकाळी तिला राहवलं नाही. लिफ्टमध्ये कोणी भेटेल म्हणून ती जिन्याने वर गेली. पंजाबराव खाली उतरले होते. बेबीताई भांड्यांच्या गाठोड्याला गाठ मारत होत्या.

“बेबीताई, तो आवाज माह्या खलाचा होता,” जमुना उंबऱ्यातूनच म्हणाली. “तुमाले समज भेटली त्या दिवसापासून हात नाही लावला मी, नितेशची शपथ. नंतर त्याले काय आयकू आलं, मले ठावं नाही. मी आत्ता मॅनेजरले सांगते. तुमचं घर वाचंन.”

बेबीताईंनी झटकन तिचं मनगट धरलं, तिला आत ओढलं आणि दार लोटलं.

“कोणाले काही सांगू नका. अकोल्यात माह्या बहिणीच्या भिंतीले लागून खोली भेटली. तिथं दिवसभर दार उघडं राह्यते, बाया येऊन बसतात. मी कवापासून म्हणून राहिली जाऊ म्हणून, पण आमचं माणूस इथून हलतच नव्हतं.”

“पण मंग तो दुसरा आवाज?”

बेबीताईंनी गाठोडं कमरेवर घेतलं.

“लय दिवस वरवंटा आपटा लागला मले, जमुनाबाई. तुमचा पोरगा लय गाढ झोपते.”