बाहीचा वास

पाच-सहा सेंट हुंगून झाले तरी काकूंचं काही ठरेना. "आता सगळे एकसारखेच वाटायला लागलेत," त्या वैतागून म्हणाल्या.

"नाक दमलं की असं होतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "जरा स्वतःच्या बाहीचा वास घ्या. आपला वास आपल्याला कळत नाही, त्यामुळे नाकाला आराम पडतो. मग आवडीचा बरोबर सापडतो."

काकूंनी बाही नाकाशी नेली. पुढची बाटली द्यायला वाकलेली मुलगी जराशी मागे सरकली.

"काकू, घरी कोणी आजारी आहे का? मलमाचा वास येतोय."

"आधी सासरे होते, मग सासूबाई. आता नऊ वर्षं आमचे हे अंथरुणावर आहेत." काकूंनी बाही पुन्हा हुंगली. "मला तर कसलाच वास येत नाही गं."