उभ्याने काढलेला फोटो

पडद्यावरच्या चित्रात मोहाच्या झाडाखाली एक प्राणी खाली मान घालून काहीतरी हुंगत होता. यंत्राने त्याच्याभोवती पिवळी चौकट आखली होती आणि चौकटीवर शब्द होता : रानडुक्कर.

त्याच्या थोडे आधी नाल्याकाठच्या कॅमेऱ्याचे चित्र आले होते. त्यावरची चौकट लाल होती : वाघ. नाला आणि मोहाची झाडे यांच्यामध्ये घाणेरीची झुडपे, एवढेच अंतर. झाडावरचा भोंगा मात्र गप्प होता.

"वाजून काऊन नाई राह्यला, मॅडम?" इसरूने विचारले. वाघावर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या पथकात तो होता आणि सकाळची पाळी त्याची होती.

"वाघ आणि माणूस, दोघे दिसले तरच वाजतो."

दिव्यानी चंद्रपूरच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत असे. ही यंत्रणा तिने स्वतः बांधली होती. सुरुवातीला वाघ दिसला की भोंगा वाजे. वाघाची ये-जा रोजचीच. गाव वैतागले आणि कोणीतरी भोंग्याला पोते गुंडाळून ठेवले. तेव्हा तिने ही अट घातली. वाजायचे की नाही, हे झाडांवरचे कॅमेरे आपसांत ठरवत. ग्रामपंचायतीच्या या खोलीतून ते नुसते पाहता येत असे.

"बराबर आहे. डुकरासाठी कायले वाजते? वाघोबाचा नास्ता होऊन जाईन." इसरू हसला. "माय गेली आहे मोहफुलं वेचाले, पण थ्या बाया टेकडीकडं जातो म्हणल्या होत्या."

दिव्यानी हसली नाही. नुकतेच उजाडत होते. चित्र राखाडी होते. तिने ते मोठे केले. डुकराच्या पोटाखाली टोपली होती.

तिने आणखी मोठे केले. पाठीचा बाक, लोंबलेले डोके, जमिनीला टेकलेले पुढचे दोन पाय. त्या पायांत बांगड्या होत्या.

"इसरूभाऊ," ती म्हणाली.

"थे माही माय आहे."

यंत्राला माणूस ओळखायला शिकवण्यासाठी हिवाळ्यात तिने गावकऱ्यांना शाळेच्या पटांगणात बोलावले होते. फोटो म्हटल्यावर बाया ठेवणीतली लुगडी नेसून, केसांना तेल लावून आल्या. हात सरळ, मान ताठ, श्वास रोखून एकेक जण कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. एक पोरगी चप्पल नीट करायला वाकली, तेव्हा इसरूच्या आईने, बायनाबाईने, तिला दटावले होते : "सिधी उभी राह्य वं! वाकून कोणी फोटो काढते काय?" सगळे हसले होते. दिव्यानीही हसली होती.

इसरूने दवंडीचा माईक ओढला. त्याचे कर्णे पंचायतीच्या छपरावर होते. "माय! पळ तिथून! पळ!"

"पळायला नका सांगू!" दिव्यानीने त्याचा दंड धरला. "पळाली तर तो मागे लागेल. उभे राहायला सांगा. नुसते सरळ उभे!"

"माय, उभी राह्य! वाकू नोको! टोपली सोड, सिधी उभी राह्य!"

दुसरे चित्र आले. बायनाबाई वाकलेलीच होती. तिचा हात पुढच्या फुलाकडे गेला होता. चित्राच्या कोपऱ्यात, झुडपांच्या कडेला, आता लाल चौकटही होती. एक पिवळी, एक लाल. यंत्राच्या हिशेबाने जंगलात रोजचेच चालले होते.

"माय, मी इसरू! उभी राह्य ना वं!" त्याचा आवाज फाटला.

तिसरे चित्र पट्टीपट्टीने, वरून खाली उलगडू लागले. फांद्या. फांद्यांखाली, जिथे आधीच्या चित्रात नुसते खोड होते, तिथे पदर घेतलेले डोके. आठ्या पडलेले कपाळ. कमरेवर ठेवलेला हात. बायनाबाई गावाकडे तोंड करून ताठ उभी होती. चौकट हिरवी झाली : माणूस.

जंगलाच्या बाजूने भोंगा कडाडला.

इसरू काठी उचलून धावत सुटला. चौथे चित्र आले, ते पाहायला दिव्यानी एकटीच होती. टोपली कलंडलेली, फुले विखुरलेली. हिरवी चौकट नव्हती. लालही नव्हती. पुढचे चित्र तसेच. त्यापुढचेही तसेच.

मग गल्लीतून बायांचा गलका ऐकू आला आणि बायनाबाईचा आवाज त्या सगळ्यांच्या वर होता.

"साऱ्या गावात माह्या नावानं बोंबलला हा! फुलं सारी सांडली ना!" ती इसरूच्या पुढे आत आली आणि भिंतीला टेकून बसली. "मागं वळून पाह्यलं त झुडपात पट्टे हालून राह्यले होते," ती हळूच म्हणाली. "भोंगा वाजला, मंग गेला तो."

थोड्या वेळाने तिची नजर पडद्याकडे गेली. मोठे केलेले पहिले चित्र अजून एका कोपऱ्यात उघडेच होते.

"हे मीच हो ना? वरतं काय लिवलं आहे?"

दिव्यानीने वाचून दाखवले.

"आन् उभी झाली तवा?"

"माणूस."

"मंग मोहफुलं का उभ्यानं वेचू, पोरी?"

टेबलावर एक सुटा कॅमेरा होता. तो दिव्यानीने पडद्याला जोडला आणि जमिनीकडे वळवला. "वाकलेले फोटो हवे होते," ती म्हणाली. "ते मी घेतलेच नाहीत."

बायनाबाईने अंगावरच्या मळक्या लुगड्याकडे एकदा पाहिले. मग रिकामी टोपली समोर ठेवली, पदर खोचला आणि फरशीवर फुले पडली असावीत तशी कमरेतून वाकली.

पडद्यावर पिवळी चौकट उमटली.

"दिसली काय आता?" मान वर न करता तिने विचारले.