पाच गडी

दहिवलीच्या मैदानावर अंतिम सामना हातातून निसटू लागला तेव्हा कर्णधार हरेशनं बाटलीच्या पत्र्याच्या झाकणानं लेदरच्या चेंडूची एक बाजू गुपचूप खरवडली. वाडीवरचा शुक्रा नेहमीसारखाच धावत आला, पण आता त्याचा चेंडू हवेतच आत वळू लागला. त्यानं पाच गडी बाद केले, आणि पोरांनी त्याला खांद्यावर नाचवलं. हरेशला मात्र जिंकलेला कप घरात ठेववेना. आठवड्यानं त्यानं हरलेल्या संघापुढं सगळं कबूल केलं, कप देऊन टाकला आणि मग तो वाडीवर गेला. अंगणात लाकडं फोडणाऱ्या शुक्रानं त्याचं बोलणं मान खाली घालून ऐकलं. "म्हंजे ते पाच माझे नवते, दादा?" इतक्यात शुक्राची बायको पारू हसत पाणी घेऊन आली. "यांनी पाच काढले ते काल माझ्या बापालाबी सांगून आले मी."